सात नंबरची खिडकी

३ नोव्हेंबर
पोहोचले एकदाची! वारा असा की सायकल पुढे जायच्या ऐवजी मागे येते. बाबांच्या छातीला ही समुद्राची हवा मानवेल, तेवढ्यासाठीच कोपनहेगन सोडून या टीचभर गावातलं काम घेतलं. इथल्या इस्पितळाचे कागद मोडीत काढून सगळा कारभार संगणकावर आणायचा. वॉर्डची मुख्य सिस्टर गुडरून हिने कॉफी आणि दालचिनीचा पाव पुढ्यात ठेवला. म्हणाली, आधी खा, मग आम्हाला शहाणं कर.

६ नोव्हेंबर
माणूस गेल्यावर करायच्या कामांची यादी आज भरली. जुन्या कागदावर एक चौकट होती: ‘खिडकी उघडली’. जाणाऱ्याच्या आत्म्याला वाट मिळावी म्हणून. आमच्या आजीच्या वेळीही उघडली होती, पण इस्पितळाच्या नोंदीत ते कशाला? काढून टाकली. ऊब वाचवायला खिडक्या आता संगणकच बंद ठेवणार, यादीतल्या कारणाशिवाय उघडणार नाहीत. त्या यादीतही ‘मृत्यू’ घातला नाही. गुडरून म्हणाली, "तेवढं राहू दे गं." मी हसण्यावारी नेलं.

१४ नोव्हेंबर
नवी यंत्रणा सुरू! केक कापला. दुपारी सात नंबरमधले म्हातारे कोळी थोरवाल्ड गेले. नोंदी बिनचूक झाल्या, फक्त त्यांना खाली शवागारात नेलं तरी पडद्यावर पलंग रिकामा होईना. गादीखालचा वजनकाटा अजून माणूस दाखवतोय. काटा बदलायला सांगितलाय.

१७ नोव्हेंबर
काटा नवा, वजन तेच. काल तीन नंबरमधल्या बाई गेल्या, तोही पलंग भरलेलाच. गुडरून माझ्याशी बोलत नाही. यंत्रणा सुरू झाल्यावर यादी मला बदलता येत नाही, म्हणून मुख्य कचेरीला फोन करून ‘मृत्यू’ यादीत घाला असं विनवलं. दुरुस्त्या जानेवारीत, म्हणाले. भीती वाटतेय मला.

१९ नोव्हेंबर
बाबांना धाप लागली. वॉर्डात जागा फक्त सातमध्ये. नको नको म्हटलं, पण दुसरी खाटच नाही — पडद्यावर एका पलंगावर दोघांचं वजन. बाबा अगदी कडेला सरकून झोपलेत. मला म्हणाले, "पोरी, या म्हाताऱ्याला दुसरी खाट द्या ना. पाय फार गार आहेत त्याचे."

२१ नोव्हेंबर
सकाळी बाबा गेले.
खिडकी उघडत नाही. कारण निवडा म्हणते. ‘आग’ निवडलं — धूर नाही म्हणते. काचेवर खुर्ची घातली, फुटली नाही. गुडरून हातोडा आणायला गेलीये —

बाबांना खाली नेलं. गुडरून अजून परतली नाही. पलंगावरचं वजन तसूभर कमी झालं नाही. ते इथेच आहेत, माझ्यामुळे अडकलेत. त्यांना सोडून कशी जाऊ — पांघरुणात पाय घालून पलंगावरच बसलेय —

कुणीतरी सरकून मला जागा करून दिली. पांघरुणाखाली माझ्या पायांना दोन गार पाय — नाही, चार —