मीटरवरचे सात

सोमवार
नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. दवाखान्याच्या तळमजल्यावरची औषधं तयार करायची खोली आता माझी. पांढरा ओटा, काचेचं कपाट आणि ऐटीत बसायला फिरती खुर्ची. शिरेतून द्यायचं व्हिटॅमिन सी मुळात आंबट, तसंच दिलं तर शीर जाळतं. म्हणून त्यात सोडा थोडाथोडा घालायचा, फेस बसू द्यायचा, मग आंबटपणा मोजणारा पीएच मीटर बुडवायचा. आकडा जितका खाली तितकं औषध आंबट; सातच्या जवळ आला की सही करून बाटली वॉर्डात पाठवायची. आमच्या विभागाच्या मोठ्या बाई म्हणाल्या, आधीची मुलगी धांदरट होती, तुझ्यासारखंच माणूस हवं होतं. मग काय, माझे पाय जमिनीवर नव्हते.

बुधवार
मीटर हातातून निसटला. टोकाच्या काचेला बारीक चीर गेली. सांगायला गेले, तर बाई डॉक्टरांकडे माझंच कौतुक करत होत्या. तशीच परत फिरले. पुसून बाटलीत बुडवला, आकडा आला सात. म्हटलं, चालतोय की.

शुक्रवार
वॉर्डात दाखल असलेल्या शिवणवाल्या काकूंचा माझी बाटली लावलेला हात जळजळतोय. मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघ. म्हणाल्या, माझ्याच शिरा नाजूक गं, आणि उलट मलाच जेवलीस का विचारलं. खाली येऊन मीटर साध्या पाण्यात बुडवला. सात. लिंबाच्या रसात बुडवला. सात. लाजेने कान तापले. तरी मीटर पुसून जागेवर ठेवला. सोडा अंदाजाने घालतेय.

रविवार
काकूंचा हात काळानिळा पडलाय. बोटांत सुई धरवत नाही. आज बाईंसमोर तोंड उघडलं आणि म्हणाले काय, तर सगळं ठीक आहे. शी. माझी मलाच किळस येते.

मंगळवार
माझ्या उजव्या हातावर रेघ. कुणी काही टोचलेलं नाही. बाईंना दाखवली, त्यांना दिसत नाही. जळतंय. मीटर हाताला लावून पाहिला, तेव्हा आकडा पहिल्यांदाच हलला. खाली. चार... दोन—

गुरुवार
डाव्या हाताने लिहितेय. काल ओट्यापाशी कोसळले. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, व्हिटॅमिन सी लावा. शेजारच्या खाटेवर काकू. सिस्टरला सांगतायत, हिने केलेलीच बाटली लावा, पोर मन लावून काम करते.

बाटलीवर माझीच सही.

नको म्हणायचं तर का ते सांगावं लागेल. काकूंच्या देखत.

सिस्टरने पट्टा आवळला. सुई आत गेली. सांगते— काकूंनी मान वळवली की लगेच सांगते— त्या माझ्याकडे बघून हसतायत. पहिला थेंब— सिस्टर, ते औषध मी—