संयुक्त केंद्राचा पहिला लेख

दि. ३ मार्च

चि. टिल्लीस,
अ. उ. आ.

हे पत्र बसून वाच, आणि सासऱ्यांसमोर नको. आज त्यांचा अर्ज माझ्या टेबलावर आलाय! परदेशी विद्यापीठ भागीदार असेल तरच नव्या संशोधन केंद्राला मान्यता, असं तुमच्या सरकारचं धोरण. म्हणून स्वारी आमच्या दारात. केंद्र कशाचं? खारं पाणी गोडं करणाऱ्या पडद्याचं. अगं, माझ्या पडद्याचं! त्यांच्या प्रयोगशाळेत तरुणपण घालून मी तो बनवला आणि लेख छापून आला तेव्हा त्यावर माझं नावच नव्हतं. जाब विचारला तर म्हणाले, विद्यार्थ्यांनी एवढं मनावर घ्यायचं नसतं. त्यांच्या मुलाशी तुझं लग्न नुकतंच झालेलं, म्हणून दातओठ खात देश सोडला.

आता भागीदारी ठरवणाऱ्या समितीत मी आहे. नातं आणि भांडण, दोन्ही अध्यक्षांना सांगितलं. त्या म्हणाल्या, मत देऊ नकोस, पण पडद्यातलं तुलाच कळतं, तेव्हा अटी तू सुचव. म्हाताऱ्याला तोंडघशी पाडते की नाही बघच.

खुशाली कळव, आणि हे पत्र फाडून टाक.
तुझी ताई

दि. १९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र फाडलं. हल्ली सासरे माझ्याशी फार मधाळ बोलतात. परवा म्हणाले, तुझी बहीण गुणी, मीच तिला घडवलं. हातातला कप त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला!

पण अर्ज पाडू नकोस गं. भागीदारी नाही तर प्रयोगशाळेला टाळं; मी आणि माझ्या हाताखालच्या मुली घरी बसू. आणि सासरे? परक्यांनी अन्याय केला म्हणून सांगत फिरतील, वर सहानुभूती लाटतील. ते सुख त्यांना कशाला? केंद्र होऊ दे, फक्त त्यांच्या हाती जाऊ देऊ नकोस. तुला सांगितलं नव्हतं, गेल्या वर्षी त्यांनी लेखातून माझंही नाव गाळलं. तू निदान लांब गेलीस. मला रोज त्यांच्याच पंक्तीला बसून जेवावं लागतं.

तब्येतीला जप, राग मात्र निवू देऊ नकोस.
तुझी टिल्ली

दि. ७ एप्रिल

चि. टिल्लीस,
अ. उ. आ.

तुझंही नाव? आणि गप्प बसलीस? गाढव कुठली!

अट घातली. केंद्राच्या संचालकाला आमच्याकडून येणाऱ्या पाहुण्यांसमोर स्वतःच्या हाताने द्रावण ओतून पडदा बनवता आला पाहिजे. अध्यक्षांना ती रास्त वाटली, आणि आहेच रास्त. तुझे सासरे वर्षानुवर्षं नुसत्या सह्या करतात, हे आपल्या दोघींना ठाऊक आहे. इच्छुकांत तुझं नाव दे आणि हात थरथरू देऊ नकोस.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
ताई

दि. २ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मे महिन्यातच करार झाला ते तुला कळलंच असेल, लिहायला मात्र आज सवड मिळाली. सासऱ्यांच्या पडद्यातून खारं पाणी जसंच्या तसं खाली आलं, माझा टिकला. सरकारी सचिवांनी संचालक म्हणून माझं नाव वाचलं तेव्हा लोक बघतायत म्हणून सासऱ्यांनाच आधी टाळ्या वाजवाव्या लागल्या. काय सांगू, डोळ्यांचं पारणं फिटलं! नवरा म्हणाला, बाबांचं वय तरी बघायचं होतंस. मी म्हटलं, ताईचं वय त्यांनी बघितलं होतं का? तेव्हापासून तो पुढच्या खोलीत झोपतो.

सासरे रागाने निघून जातील असं वाटलं होतं. गेले नाहीत. मुलींच्या शेजारी उभं राहून पडदा ओतायला शिकले. पडद्यांची छिद्रं लवकर बुजतात, त्यावर तुमच्याकडेही तोड नव्हती. ती त्यांनी काढली. एकट्याने. दोन्ही विद्यापीठांचा पहिला संयुक्त लेख त्यावरच आहे. काल मसुदा माझ्या सहीला आला, सगळ्यात वर त्यांचं नाव. मी ते खोडलं. ते दारातच उभे होते. परत कामाला लागले.

काम खरोखर त्यांचं होतं, ताई. मुलींनाही माहीत आहे. सकाळपासून त्या माझ्याशी जपून बोलतात. मला वाईट वाटेल म्हणून वाट पाहिली. नाही वाटलं, उलट गार वाटलं. त्यांच्या जागी तुझं नाव घातलंय. नको असेल तर छापण्याआधी कळव.

मायेत अंतर नसावं.
तुझी टिल्ली

दि. ३० जानेवारी

चि. टिल्लीस,
अ. उ. आ.

लेख छापून आला, दोनदा वाचला. फार सुंदर काम आहे. इथे सगळे माझं अभिनंदन करतायत.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांग.

तुझी ताई