न वाजलेलं दार

प्रिय प्रगतीस,

पत्र बघून दचकू नकोस, हितं जे आहेत ते सगळे धड आहेत. फोन असताना आईनं कागद का काळा केला म्हणशील, तर त्याला कारण आहे, ते शेवटी सांगते. चौथीनंतर पेन धरलं ते सहीपुरतंच, तेव्हा अक्षराला हसायचं न्हाई. नूतन मावशी पुण्याला येतेय, तिच्या पिशवीत डिंकाच्या लाडवांच्या डब्याखाली हे घातलंय. लाडू तू खा. जावयाला एखादा दे, डबा हातात देऊ नकोस.

आधी बाळंतिणीचं. शेक घेतेस का? कानाला बांधतेस का? तुझ्या सासूबाईंना म्हणावं, पुण्याची माणसं थंडीतही पंखा लावतात, तो बंद ठेवा. पोरीचा फोटो बघितला. कपाळ सरळ तिच्या आजोबांचं, आप्पांचं आहे. नाक कुणाचं ते कळंना, पण नाकं बदलतात. इकडं भात झोडून झालं, पेंढा रचला. चांदी शेळी पुन्हा गाभण आहे आणि पहिल्यासारखीच आगाऊ आहे.

आता आप्पांचं. ते गेले तेव्हा तू ओली बाळंतीण, तुला ना अंगण ओलांडता आलं ना दहाव्याला नदीवर येता आलं. बाजीकाकांनी सगळ्यांना बजावलं होतं की दहाव्याचं तुला सांगायचं न्हाई, दूध आटंल. एवढे दिवस मी गप्प राहिले, माझ्यासाठी हेच लई झालं. तर ऐक. दहाव्याला कावळा शिवला न्हाई.

पिंड ठेवला, सगळे मागं सरले. समोरच्या उंबरावर कावळे भरपूर होते, पण एक खाली येईना. मग सुरू झाले अंदाज. बाजीकाका पुढं होऊन म्हणाले, वहिनीला अंतर देणार न्हाई. काही न्हाई. कुणी म्हणालं, खालच्या खाचराचा बांध नीट घालू. काही न्हाई. कुणी म्हणालं, नातीत जीव अडकलाय, तिला हितं आणून खेळवू. मला वाटलं आता येईल. एक कावळा आला, पिंडाच्या कडेला बसला, मान वाकडी करून आमच्याकडं बघितलं आणि गेला उडून. शेजारच्या साळूबाईनं तर चहा-भजी कबूल केली. उन्हं वर आली, म्हाताऱ्यांचे पाय दुखायला लागले, शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले. माणूस जन्मभर ज्यांच्यात वावरला त्यांना त्याला काय पाहिजे ते सांगता येईना. त्यांना तरी काय बोलू? मला काय कळलं होतं आणि मी कशी उभी होते ते मलाच ठाऊक.

तुला ठाऊक आहे मी कशाबद्दल बोलतेय. ती अंतराळातल्या यानाची सिरीयल.

शेळ्यांमागं करमत न्हाई म्हणून मागल्या वर्षी तूच ती त्यांच्या मोबाईलात घालून दिलीस. घरात रेंज न्हाई, म्हणून दर शुक्रवारी वरच्या खडकावर जाऊन बसायचे. शेळ्या भोवतीनं, हे मध्ये. भाग संपला की तुमच्या सिरीयलवाल्या ग्रुपवरची पोरं पुढं काय होणार त्यावर भांडायची, आणि हेही त्यात. लिहायचा कंटाळा, म्हणून बोलून पाठवायचे. त्यात निम्मं चांदीचं ओरडणं. पोरं ह्यांना शेळीवाले काका म्हणायची. ह्यांचा एक अंदाज कधी खरा ठरला असेल तर शपथ. हा मरणार म्हणाले की तो हटकून जगायचा. मी भाकरी थापत असायची आणि हे चुलीपाशी बसून मला सांगायचे की यानात पाणी कुठून येतं. मी म्हणायची, आपल्या हंड्यात कुठून येतं ते बघा आधी.

पण शेवटच्या वेळचं मला सगळं आठवतं. ती यान दुरुस्त करणारी बाई बाहेर गेली होती, दोर तुटला, ती अंधारात राहिली आणि यान पुढं निघून गेलं. कितीतरी महिन्यांनी बाहेरून दार वाजलं आणि तिचाच आवाज आला. कप्तानानं कडीला हात लावला आणि भाग तिथंच तोडला. पुढचा भाग लांबला, तोवर तुमच्या ग्रुपला काम मिळालं. तू म्हणालीस, तीच आहे, दार उघडायला पाहिजे. दुसरी पोरं म्हणाली, तिचा आवाज काढणारं दुसरं काहीतरी आहे. आप्पा तुझ्याशी खडकावरून तासभर भांडून खाली आले. तोवर पोरगी होऊन चार दिवस झाले होते आणि बापलेकीचं बोलणं काय, तर यानाचं दार. मी चिडले तर खांबाला काठी टेकवून म्हणाले, "हरवलेलं आपलं असलं ना, तर ते दार वाजवत न्हाई. दाराशी येऊन बसतं. वाजवणारं परकं." वाट चुकलेली शेळी तशीच येते, तेवढ्यावरून त्यांचा सिद्धांत.

दुसऱ्या दिवशी छातीत कळ आली. भोरच्या दवाखान्यात न्यायला टेम्पोत घातलं, विंझरच्या पुढं माझ्या मांडीवर गेले. तो भाग त्यानंतर आला.

आता जे सांगते ते सासरी कुणाला वाचून दाखवू नकोस. शेळ्या अजून दिवेलागणीला त्या खडकावर जातात. मी हाका मारते, दगड मारते, हलत न्हाईत. गोल करून बसतात आणि मधली जागा मोकळी सोडतात. चांदी त्या जागेकडं तोंड करून रवंथ करते. कुणी ढकललं तरी करडूसुद्धा तिथं पाय ठेवत न्हाई. बऱ्याच वेळानं सगळ्या एकदम उठतात, कुणीतरी काठी आपटावी तशा, आणि मुकाट खाली येतात. मी त्यांच्या मागनं चालते. पुढनं कोण चालतं ते बघत न्हाई.

आणि घरी दार वाजत न्हाई, प्रगती. वाजलं असतं तर मी शिव्या घातल्या असत्या, मला कशाची भीती न्हाई. पण दार जड होतं. आतून ओढलं की बाहेरून कुणी पाठ टेकून बसल्यासारखं लागतं. मग हलकं होतं. सकाळी उंबऱ्याबाहेरचं सारवण तेवढ्याच जागी गुळगुळीत झालेलं असतं. कुत्रं तिथं झोपायचं, आता झोपत न्हाई.

त्यांचा मोबाईल माझ्यापाशी आहे. तो घेऊन मी विंझरला नूतनकडं गेले, मोरीत बसले, आवाज बारीक केला आणि तो भाग बघितला. खडकावर बघितला न्हाई, मुद्दाम. दार उघडलं का, बाहेर कोण होतं, सगळं बघितलं. तुला लिहीत न्हाई, तू अजून बघितला न्हाईस असं मावशी म्हणाली, आणि आधी सांगितलेलं तुम्हा बापलेकींना खपत न्हाई. भाग संपला आणि नूतननं मोरीचं दार वाजवलं, तर मी कडी घट्ट धरून ठेवली.

आता कागद का काळा केला ते. फोनला रेंज खडकावरच, आणि तिथं बसून मी यातलं एक अक्षर बोलले असते तर त्यांनी ऐकलं असतं. विंझरहून केला असता तर नूतननं ऐकलं असतं आणि वेल्ह्यापर्यंत गेलं असतं. घाटावर ते काय मागतायत ते मला कळलं होतं. तोंडात आलं होतं, की पुढं काय होतं ते बघून सांगू. मी गिळलं. लाज वाटली म्हणून न्हाई. मी ते बोलले असते तर कावळा शिवला असता आणि हे गेले असते. माणसाला असं अडकवून ठेवणं बरं न्हाई, मला समजतं. पण सांगणं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. हे काम तुझं आहे. पोरीला घेऊन ये, तिला मांडीवर घे, खडकावर बस, शेजारची जागा मोकळी ठेव आणि तो भाग मोठ्या आवाजात लाव. मी खाली घरात असेन. जन्मभर तुला लवकर आटप, लवकर आटप करत आले. या वेळी तसं न्हाई. डोंगरावर थंडी लई आहे, पोरगी कोवळी आहे. होळीनंतर आलीस तरी चालेल. पाडव्यानंतर आलीस तरी चालेल.

तुझी वाट बघणारी, पण घाई नसलेली,
तुझीच आई