वाळवीनं खाल्लेलं पुस्तक

बाबा, तुमच्यावर मी चोरीचा आळ घेतला होता, हे आधीच सांगून टाकते. पंधरा दिवस घेतला होता. मनातल्या मनात का होईना, पण चांगला पुराव्यानिशी. दसऱ्याला सरस्वतीपुढे मांडायची म्हणून पुस्तकं अंगणात उन्हात घातली होती. त्यात ते नकाशांचं जुनं पुस्तकही होतं, ज्याच्यावर तुम्ही मला वाचायला शिकवलंत, ज्याच्या जोरावर मी आज टेंभीजवळच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून मिरवते. उन्हानं पहिल्या पानावरचा कोरा कागद सुटला. खळीनं चिकटवलेला होता तो. खाली जाड अक्षरात लिहिलेलं: "हे पुस्तक मास्तरांपाशी ठेव म्हणून ठेविले आहे. आगबोटीवर हबसाणच्या लढाईस जात आहे. जिवंत आल्यास परत नेईन." त्याखाली आफ्रिकेतल्या त्या लढाईवर निघालेल्या एका खलाशाचं नाव, आणि गाव शहाड.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. आई म्हणायची, हिला नैवेद्याच्या भातातही खडा दिसतो. कागद काही आपोआप चिकटत नाही. कुणीतरी खळ शिजवली, बोटानं सारखी पसरली, बुडबुडा राहू नये म्हणून तळव्यानं दाबली. इतकं नीट काम आपल्या घरात तुमच्याशिवाय कुणाचं नव्हतं. मग लपवलंत ते का? खलाशी लढाईत बुडाला आणि तुम्हाला वाटलं, चला, मागणारा गेला? की तो आला आणि तुम्ही त्याला हात हलवत परत पाठवलंत? शेजारच्या झाडाचं फूलसुद्धा न विचारता तुम्ही कधी देवाला वाहिलं नाहीत, आणि परक्याची ठेव आपल्या फडताळात जवळजवळ तीस वर्षं! तुम्ही गेल्यावरही लोक तुमचं नाव घेतात, पण मला मात्र घास गोड लागेना.

आणि नेमकी ती पेन्सिल आठवली. मी नऊ वर्षांची आहे. शेजारच्या मुलीची पाटीवरची पेन्सिल माझ्याकडे सापडली आहे, आणि तुम्ही मला भर उन्हात तिच्या दारात नेऊन उभं करता. परत येताना वाटेत थांबता. "आणखी काही सांगायचं राहिलंय का?" मी नाही म्हणते. तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघता, मग छत्री माझ्या डोक्यावर धरता. हे सगळं आठवून माझा पारा चढला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, म्हटलं, आपण कोरडे पाषाण!

शेवटी शाळेच्या मोलकरणीला सोबतीला घेतलं आणि शहाडला गेले. पुस्तक मुद्दामच घरी ठेवलं. माणूस आधी बघू, कोण जाणे कोण 'मीच तो' म्हणत पुढे यायचा. पण नदीकडच्या उतारावर पहिल्याच बाईनं घर दाखवलं. तो जिवंत होता. दारात बसून काथ्याचा दोर वळत होता. मास्तरांची मुलगी म्हटल्यावर लगबगीनं उठला, घोंगडी अंथरली, गूळपाणी दिलं. मी मनात म्हटलं, आता हा मागणार. आणि त्यानं मागितलंच की! "बाय, तं नकाशांचा पुस्तक हाय का गो अजून?"

"नाही," मी ताडकन म्हणाले. "वाळवीनं खाल्लं."

म्हातारा इतका हसला की दोर त्याच्या हातातून सुटला. "अगो बाय! तवा पन तुमी दारात उभं ऱ्हाऊन ह्याच सांगितलं व्हतं. वालवी लय खादाड दिसते तुमची!"

बाबा, तेव्हा मला आठवलं. डोळ्यांपुढे आपलं दार उभं राहिलं. तुम्ही शाळेत, आई विहिरीवर. दारात एक डांबराचा वास येणारा माणूस, आणि पुस्तक पाठीशी धरून उभी असलेली मी. तुम्ही नाही. मी!

पुढचं त्यानंच सांगितलं. त्याच संध्याकाळी बंदरावर तुमची गाठ पडली. त्यानं तुम्हाला वाळवीची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुस्तक घेऊन त्याच्यापुढे उभे राहिलात, मान खाली घालून. तो म्हणाला, पोरीचा जीव लागलाय, तिलाच असू द्या. तुम्ही ऐकेनात. ठेव ती ठेव, म्हणालात. एवढं सांगून त्यानं आतून तांबड्या फडक्यात बांधलेलं एक बाड आणलं. सगळे नकाशे, पानोपान, तुमच्या बोरूनं उतरलेले, पुस्तकाच्या बदल्यात त्याला दिलेले. त्या चातुर्मासात ओसरीवर बसून तुम्ही हेच करत होतात. मी विचारलं होतं, कुणासाठी? "एकाला द्यायचंय." समुद्र रंगवायला कपड्यांची नीळ मीच कालवून दिली होती. हबसाणजवळच्या समुद्रात एक लहानसा निळा अंगठा उमटला आहे. तो माझाच.

"मास्तरांना इचारलं, पोरीला रागं भरलाव का?" म्हातारा म्हणाला. "तं म्हनले, तिला आपन होऊन सांगू दे. मी वाट बघतो."

म्हणून तुम्ही वाटेत थांबला होतात. शेवटच्या दुखण्यातही मला जवळ बोलावून तेच विचारलंत, आणि मी आपली तुमचे पाय चेपत "नाही हो, काही नाही," म्हणत राहिले. कागद चिकटवलात तोही बहुतेक यासाठीच, की मी पुरावा बघून नव्हे, मनानं सांगावं. हेही मला आत्ता सुचतंय. लाज वाटते, बाबा. फार लाज वाटते.

निघताना त्याला खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण तोच म्हणाला, "गेला तं गेला. मास्तरांचा तरी माज्याकडं ऱ्हायला." मी हो म्हटलं आणि गाडीत जाऊन बसले. पुस्तक आत्ता माझ्या कोपराखाली आहे. ते द्यायला माझं मन होत नाही, अजूनही. शेजारी वाटीत खळ निवते आहे. हे पत्र घडी करून त्या खलाशाच्या अक्षरांवर ठेवणार आणि वरून तुमचाच तो कागद पुन्हा लावून टाकणार. तुमच्यापेक्षा खळ जरा जाडच केली आहे.