वर्षभराचं पीठ

चि. वसंता,
कुवेतमधल्या अबू हलीफाहून ताईचे आशीर्वाद. हे मोठ्याने वाच, म्हणजे तू विसरलास तरी चारुताच्या लक्षात राहील.

आम्ही खुशाल आहोत. एक एजंट आपल्या देवेंद्रला सांगतोय, ऑस्ट्रेलियातली कंपनी व्हिसा देईल, पुढे तिथंच कायमचं राहता येईल. फक्त इथली नोकरी आधी सोडायची. नोकरी सुटली की नातीसकट सगळ्यांचा इथला राहायचा परवाना जातो, हे तो सांगत नाही.

मी त्याला जेवायलाच बोलावलं. तीनदा सोलकढी प्यायला. कंपनी कुठल्या गावात, विचारलं तर ठसका लागला. हे लिहून घेताना सूनबाई हसतेय, पण रात्री तिलाही झोप नाही.

देवेंद्र म्हणतो, "आई, गावाहून आता काही मागवू नकोस, निघायचंय."

तू कुळथाचं पीठ वर्षभराचं पाठव.

तुझी ताई