आपोआप आलेलं काम

पुणे,
दि. ३ ऑगस्ट २०२५

ती. करुणामावशीस,
सपनाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर मी नुसतं हं-हं करते म्हणून तू चिडलीस, तर हे घे पत्र. आमचं ऑफिस बनवतंय त्या कॉम्प्युटर गेममध्ये आपल्या जवळा बाजार गावातल्यासारखा आठवडी बाजार आहे आणि त्यातली माणसं घडवायचं काम माझ्याकडे आहे. आधी कोडमध्ये एक 'गावकरी' लिहायचा. चालणं, बसणं सगळं त्याच्यात. मग शिंपी, कासार, हलगीवाला ही त्याची लेकरं. वरचं सगळं त्यांना आपोआप मिळतं. हे इनहेरिटन्स. 'काम कर' म्हटलं की शिंपी शिवतो, कासार बांगड्या भरतो. हुकूम एकच, वागणं ज्याचं त्याचं. हे पॉलिमॉर्फिझम.

गंमत ऐक. हलगीवाल्याची पोरगी मी त्याचंच लेकरू म्हणून त्याच्याखाली लिहिली, तेवढेच वेगळं लिहायचे कष्ट वाचले. दप्तर घेऊन शाळेला निघालेल्या तिला 'काम कर' म्हटलं, तर दप्तर टाकून तिनं हलगीच वाजवली. सगळं ऑफिस हसलं. मीही.

आजीला वाचून दाखव. आहे ती माया वाढू दे.
तुझी,
सपना

साखरा,
दि. ११ ऑगस्ट २०२५

चि. सपनास,
अ. उ. आ.

अंगणवाडीतून आल्यावर पत्र तुझ्या आजीला वाचून दाखवलं. ती हसली न्हाई. तुला काहून हसू आलं गं?

तुझे आजोबा बारा वर्षांचे होते. त्यांच्या बापाला ताप भरला, तर गावातल्या माणसांनी पोराला शाळेतून उठवून आणलं अन् हलगी गळ्यात अडकवली. बाप गेल्यावर ते काम बराबर त्यांच्याच दारी आलं. गवंडीकाम शिकून त्यांनी ते सोडलं, तर दोन वर्षं गावात कोणी त्यांच्या हाती थापी दिली न्हाई. अन् तू, तुझे लिहायचे कष्ट वाचावेत म्हणून, एका पोरीचं दप्तर टाकायला लावलंस. मशीनला कळत न्हाई, मान्य. तुला तर कळतं ना?

आजी एवढंच म्हणाली, "त्या लेकराला कोणी विचारलं का?"

राग आहे तो आहे. जेवण टाळू नको.
तरीही तुझीच,
करुणामावशी

पुणे,
दि. २८ ऑगस्ट २०२५

ती. मावशीस,
सविनय जयभीम. वि. वि.

आधी मलाच राग आला. गेममधल्या पोरीवरून एवढं? कोडमध्ये लेकराला बापाचं काम बदलून स्वतःचं लिहिता येतं, हे तुला ठणकावून सांगायला बसले. म्हटलं, आधी करून बघू. तिच्या 'काम कर'मध्ये हलगीऐवजी अभ्यास लिहिला, तर मशीननं नाकारलं. हलगीवाल्याच्या कामाला 'फायनल' लावलेलं होतं. हे एक कुलूपच. पुढच्या कुठल्याच लेकराला ते काम बदलता येत नाही. कुणी लावलं ते शोधलं. माझंच नाव निघालं.

मी ते काढलं. आता ती पुस्तक उघडून बसते. आमचे साहेब म्हणाले, सोमवारी मोठ्या लोकांना दाखवायचंय, हलगीला सगळे हसतात, कुलूप परत लाव. मी नाही म्हटलं आणि आजोबांचं सांगितलं. असलं गेममध्ये आणू नको, म्हणाले. मी म्हटलं, "मी आणलं नाही सर, ते आधीपासून आत होतं."

गेममधली माणसं घडवायचं काम माझ्याकडून काढून घेतलं. आता मी झाडं करते. माझ्या जागी आलेली निलम काल आली. म्हणाली, कुलूप लावायला सांगितलंय, कोणत्या ओळीत होतं ते दाखव. मी तिला तुझं पत्र दिलं. तिनं ते दोनदा वाचलं, घडी घालून परत केलं आणि साहेबांना जाऊन सांगितलं की ती ओळ काही सापडत नाही.

राग ठेव, पण मलाही जवळ ठेव.
तुझी,
सपना