कानातला ठोका

सोफिया शहर, मंगळवार

प्रिय आई,

मी बरी आहे, पोटभर जेवते. तू बांधून दिलेलं चीज संपत आलं.

कानात सतत ठोका ऐकू येतो म्हटल्यावर तिसऱ्या डॉक्टरांनीही आधी तेच ऐकवलं, "कानात काही नाही, मनाचे खेळ आहेत, गोळी घ्या." मग माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "माझे वडील मेंढ्यांच्या घंटा ठोकून सुरात आणतात. खरा आवाज कुठला, हे मला शिकवू नका. तुमची नळी माझ्या कानामागे लावून बघा!"

त्यांनी हसत हसत लावली. मग घड्याळ काढून आतला आवाज माझ्या नाडीशी ताडून पाहिला. आई, त्यांनाही ठोका ऐकू आला! एखादी रक्तवाहिनी असेल म्हणतात. गुरुवारी डोक्याचा फोटो काढणार आहेत. कारण सापडेपर्यंत मी इथून हलणार नाही.

स्तायना आत्या माझी भीती उतरवायला पाण्यात वितळवलेलं शिसं ओतणार होती ना? गुरुवारी सकाळी ओतू दे, माझी हरकत नाही.

बाबांचा गुडघा कसा आहे? कान बिघडला म्हणून त्यांनी माझ्या हातातून घंटा ठोकायचा हातोडा काढून घेतला होता. त्यांना सांग, तीन डॉक्टरांच्या आधी त्याच कानाने खरं ऐकलं. हातोडा माझ्या खुंटीवर परत टांगा.

तुझी हट्टी,
दोब्रिंका